आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं

माझा थोरला भाऊ नाश्त्याला बसला की देश वाचवायला घेतो. देश म्हणजे इंग्लंड. बसलेला असतो मात्र माझ्या ॲन आर्बरच्या स्वयंपाकघरात, माझ्या हातचे पोहे खात आणि खोबरं कमी पडलंय असं सांगत. गेल्या ऑक्टोबरमध्ये तो तीन आठवडे माझ्याकडे राहायला होता. त्या तीन आठवड्यांत मला त्याची जशी किळस आली तशी आयुष्यात कुणाची आली नव्हती. सख्ख्या भावाबद्दल असं बोलू नये म्हणतात. पण मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, आता नाही बोलायचं तर कधी बोलायचं.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. एमबीबीएस झाल्या झाल्या इंग्लंडला गेला आणि लेस्टरला फॅमिली डॉक्टर म्हणून सगळी नोकरी केली. मी त्याच्या मागोमाग गेले, दोन वर्षं त्याच्याच घरी राहिले, मग लग्न करून इकडे मिशिगनला आले. भूलतज्ज्ञ म्हणून तीस वर्षं माणसांना झोपवलं आणि उठवलं. हे जाऊन आता चार वर्षं झाली. मुलगा फ्रिस्कोला असतो, रविवारी फोन करतो आणि नातवाला फोनसमोर उभं करतो, तो 'हाय आजी' म्हणून पळून जातो.

दादाचं एक ऋण आहे माझ्यावर, ते आधी सांगून टाकते. मी इथे आले तेव्हा लायसन्स देणाऱ्यांना माझे कागद पटेनात. डिग्रीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. आणि सासरच्यांनी आडनावावर भागवलं नव्हतं, पहिलं नावसुद्धा बदललं होतं, लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून. ह्या दोन बायका एकच आहेत हे सिद्ध करा, म्हणाले. मी रडकुंडीला आले होते. दादानं त्याच दिवशी दवाखाना अर्धा सोडला, वकिलाकडे गेला आणि शपथपत्र करून पाठवलं, की हिला मी जन्मापासून ओळखतो, दोन्ही नावं हिचीच. त्या एका कागदावर माझं इथलं सगळं आयुष्य उभं आहे. हे मी विसरलेली नाही, म्हणून तर जास्त चीड आली.

दहाएक वर्षांपूर्वी वहिनीला झटका आला. उजवी बाजू गेली आणि इंग्रजीही गेलं. चाळीसेक वर्षं लेस्टरमध्ये काढलेली बाई एकदम फक्त मराठी बोलायला लागली. दादानं घरात राहून तिचं सगळं करायला एक पोलिश बाई ठेवली. चाळिशीची, धिप्पाड, कमी बोलणारी. तिनं वहिनीचं न्हाणंमाखणं, भरवणं, कूस बदलणं, रात्रीची उठबस सगळं केलं, आणि करता करता मराठी शिकली. पाणी, उशी, दुखतंय, नको, चालेल. मग हळूहळू वाक्यं. मी व्हिडिओ कॉल केला की वहिनी मला 'वन्सं' म्हणायची, तिच्या माहेरची जुनी रीत, तर ही बाईही मला वन्संच म्हणायला लागली. पोलंडची बाई लेस्टरहून मिशिगनला फोन करून "वन्सं, जेवलात?" विचारते हे ऐकून माझ्या मैत्रिणी हसून लोटपोट व्हायच्या.

वहिनीला तिचं पोलिश नाव काही म्हणता येईना. जीभ जड झालेली, आणि त्या नावात सगळी जोडाक्षरं. मग वहिनीनं तिला एक मराठी नाव ठेवलं, नव्या सुनेला ठेवतात तसं. घरात सगळे त्याच नावानं हाक मारायचे, दादाही, मीही. हा किस्सा मी इथे प्रत्येक पार्टीत सांगत असे. ती घरच्यासारखी झालीये, असं शेवटचं वाक्य ठरलेलं.

ह्याच काळात तिकडे ते मतदान झालं, युरोपचं युनियन सोडायचं की राहायचं. दादा सोडायच्या बाजूचा. खिडकीत बोर्ड लावला होता. पोलंड-रोमेनियाची माणसं लोंढ्यानं येतात, इंग्रजी शिकत नाहीत, दवाखान्यात गर्दी करतात, आपल्या हापूसवर आणि कापडावर युनियनवाले नियम लादतात, बाहेर पडलो की भारताशी कसा सरळ व्यापार करू बघ, हे सगळं तो मला फोनवर तासतासभर सांगायचा. शेजारच्या खोलीत ती बाई वहिनीशी मराठीत बोलत असायची, मला ऐकू यायचं. मी काही बोलले नाही. मोठा भाऊ आहे, त्यांचा देश आहे, त्यांचं ते बघतील, असं म्हणून मूग गिळून बसले.

देश बाहेर पडला. मग नियम आला, की आधीपासून राहणाऱ्या युरोपच्या लोकांनी अमुक मुदतीत अर्ज करायचा आणि राहत होतो याचा पुरावा द्यायचा. ती मुदत संपली तेव्हा वहिनी हॉस्पिटलमध्ये होती आणि ही बाई तिच्या शेजारच्या खुर्चीत. अर्ज राहिला. पुढच्या वर्षी वहिनी गेली. ही एका वृद्धाश्रमात कामाला लागली, तिथे कागद मागितला, तिनं उशिरानं अर्ज केला, तर उत्तर आलं की त्या सात वर्षांचा पुरावा दाखवा. पुरावा कुठून आणणार? लाइटचं बिल दादाच्या नावावर. पगार हातात. करार कधी केलाच नव्हता, कारण घरच्या माणसाशी कोण करार करतं. ताप आला तर औषध दादाच द्यायचा, म्हणून कुठल्या दवाखान्यातसुद्धा तिची नोंद नाही. सात वर्षं एका घरात राहून त्या घरात ती होती असं सांगणारा चिटोरा नव्हता.

दादा इथे येऊन आठवडा झाला असेल, तेव्हा तिचा मला फोन आला. दुपारची वेळ, दादा वर झोपला होता. ती आधी माझ्या गुडघ्याची चौकशी करत बसली. मग म्हणाली की डॉक्टरसाहेबांना दोन ईमेल केल्या, एकदा घरी जाऊन आले, त्यांनी चहा दिला आणि बघतो म्हणाले. पुढच्या बुधवारपर्यंत पत्र नाही दिलं तर अर्ज बंद, नोकरी बंद, परत जायचं. परत म्हणजे कुठे, मी विचारलं. आई गेली, घर भावानं विकलं, म्हणाली. एवढं सगळं सपाट आवाजात सांगून झाल्यावर ती मराठीत म्हणाली, "वन्सं, तुम्ही सांगितलं तर ते ऐकतील." मी म्हटलं, बुधवारच्या आत पत्र तुझ्या हातात. छातीठोकपणे म्हटलं. मला वाटलं पाच मिनिटांचं काम आहे.

त्या संध्याकाळी मी वांग्याचं भरीत केलं, दादाला आवडतं म्हणून, आणि विषय काढला. तो भाकरी मोडत म्हणाला, नियम म्हणजे नियम. मुदतीत करायचं होतं तिनं. मी म्हटलं, मुदतीत ती तुझ्या बायकोची लघवीची पिशवी बदलत होती. त्यावर तो म्हणाला की जेवताना असलं काय बोलतेस. मग म्हणाला, ह्या वयात सरकारी भानगड नको, उद्या मलाच विचारतील करार का नव्हता. आणि शेवटी कळस केला. म्हणाला, "ती घरच्यासारखी होती गं. नोकर नव्हतीच. मग मी हिला कामावर ठेवलं होतं असं खोटं कसं लिहू?"

मी उठले आणि ताट बेसिनमध्ये ठेवलं. गरज सरो वैद्य मरो ही म्हण मी आयुष्यभर पेशंटांबद्दल ऐकली होती, वैद्यानंच ती खरी करून दाखवलेली पहिल्यांदा पाहिली. पुढचे पाच दिवस मी रोज विषय काढला आणि रोज त्यानं टाळला. कधी डुलकी, कधी क्रिकेट, कधी सरळ हिअरिंग एड काढून ठेवायचा. आणि मी काय करत होते? रोज त्याच्या आवडीचं रांधत होते. शिरा, थालीपीठ, आळूची भाजी इथे मिळत नाही तर पालकाची. चौऱ्याहत्तराव्या वर्षी भावाकडून एक सही घ्यायला मी त्याची मनधरणी करत होते, याची मला अजून शिसारी येते.

त्यात मंडळाचा कार्यक्रम आला. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ आहेत, माणूस तसा वाईट नाही पण माईक दिसला की भान राहत नाही. इंग्लंडहून पाहुणे आलेत म्हटल्यावर त्यांनी रविवारी परिसंवाद ठरवला. विषय, युनियन सोडलं ते शहाणपण की वेडेपणा. इथलं राजकारण नको, असं त्यांनी आधीच सगळ्यांना बजावलं होतं. व्हिसावाली मुलं असतात, ग्रीन कार्डाच्या रांगेतली कुटुंबं असतात, उगाच कुणी रेकॉर्ड केलं तर? म्हणून मग इंग्लंडच्या नावानं बोलायचं. दादा सोडण्याच्या बाजूनं, आणि विरुद्ध बाजूनं नागपूरची एक मुलगी, इथल्या युनिव्हर्सिटीत ह्याच विषयात पीएचडी करणारी. सूत्रसंचालन अध्यक्षांचं. आभारप्रदर्शन माझ्याकडे.

आभारप्रदर्शन आमच्याकडे नेहमी एखाद्या बाईकडे देतात. ते कुणी ऐकत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. 'आता शेवटी मी' म्हटलं की खुर्च्या सरकतात, आणि हॉलचे, माईकवाल्याचे, स्वयंपाक करणाऱ्या मावशींचे आभार होईपर्यंत अर्धी माणसं हातात प्लेट घेऊन रांगेत उभी असतात.

रविवारी सकाळी अकराला शाळेच्या कॅफेटेरियात सत्तर-ऐंशी लोक जमले. बाहेर झाडं लाल-पिवळी, आत मसालेभाताचा वास. कार्यक्रमाआधी बायका फराळाचं बोलत होत्या. यंदा आयातीवरच्या ड्युटीमुळे पुण्याहून चकल्यांचं पार्सल मागवणं परवडत नाही, आपल्या चकल्यांनी ह्यांचं काय घोडं मारलंय, अशा सगळ्या चिडलेल्या. त्याच बायका अर्ध्या तासानं माणसांवर बंधनं हवीतच म्हणून माना डोलावत होत्या. चकलीला रस्ता मोकळा हवा, माणसाला नको.

दादा छान बोलला, ते कबूल करायला हवं. त्याचं इंग्रजी लेस्टरचं आणि मराठी सदाशिव पेठेची, लोकांना दोन्ही आवडतं. तो म्हणाला, आम्ही गेलो ते बोलावणं आलं म्हणून गेलो, कागद घेऊन गेलो. घरमालकीण म्हणायची तुमच्या जेवणाला वास येतो, खोलीत बसून जेवा, आम्ही खोलीत बसून जेवलो, तक्रार केली नाही. आणि हे आयत्या बिळावरचे नागोबा, नुसती बॅग उचलून येतात. राष्ट्र म्हणजे घर आहे, घराला दार हवं. टाळ्या. माझ्या शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, इथेही हेच व्हायला हवं, आपण कसे रांगेत आलो. हे गृहस्थ स्वतः बहिणीच्या नवऱ्याच्या अर्जावर आलेत, हे मला माहीत आहे. बहीण शेजारीच बसली होती, तीही हो हो करत होती.

त्या खोलीत बसून जेवण्याबद्दल दादा मला तेव्हा वेगळं सांगायचा. मी लेस्टरला पोचले त्या आठवड्यात त्यानं मला ती खोली दाखवली होती आणि दाखवताना त्याचा चेहरा कसा झाला होता ते मी विसरणार नाही. पन्नास वर्षांत त्या अपमानाचं त्यानं पदक करून घेतलं होतं.

नागपूरच्या मुलीनं फार मुद्देसूद भाषण केलं. माल आणि माणसं वेगळी नसतात, भाजी आली की ती तोडणारे हातही लागतात, म्हातारी माणसं असली की त्यांना उचलणारे हात लागतात, असं सगळं. अध्यक्षांनी तिला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, तू व्हिसावर आहेस, जपून. ती जपूनच बोलत होती, मधेमधे कागद बघत. शेवटी मात्र तिनं कागद खाली ठेवला आणि दादाला म्हणाली, "काका, तुम्ही दाराचं सांगून राहिले. पण सध्या तुमच्या देशात म्हाताऱ्यांना उचलून कोण राहिलं, ते सांगा ना." अध्यक्षांनी घंटा वाजवली. वेळ संपली, म्हणाले. वेळ संपली नव्हती, माझ्या हातात घड्याळ होतं. ती मुलगी निमूट खाली बसली आणि दादा हसून म्हणाला, बेटा, पुस्तकातलं वेगळं आणि आयुष्यातलं वेगळं.

मग शाल, श्रीफळ. माझा भाऊ खांद्यावर शाल घेऊन, हातात इंडियन स्टोअरमधला नारळ धरून उभा, फोटो चाललेत, आणि मला इतका वीट आला त्या सगळ्याचा. त्याचा, टाळ्या वाजवणाऱ्यांचा, माझा. तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

माझ्या हातात यादी होती. मी हॉलचे आभार मानले. मसालेभाताचे मानले. खुर्च्या सरकायला लागल्या. मग मी यादी घडी करून पर्समध्ये टाकली आणि म्हटलं, आता एका बाईचे आभार राहिलेत, त्यांच्याशिवाय आजचे प्रमुख पाहुणे इथे उभे राहू शकले नसते. लोक थोडे थांबले. मी सांगितलं की माझ्या वहिनीचं बोलणं गेलं तेव्हा ही परदेशी बाई तिच्यासाठी मराठी शिकली. सात वर्षं तिनं वहिनीला पाठीला फोड येऊ दिले नाहीत, आणि इथे बसलेल्या सगळ्या डॉक्टरांना माहीत आहे ते किती कठीण असतं. मतदानाच्या दिवशी वहिनीची व्हीलचेअर ढकलत तीच केंद्राच्या दारापर्यंत घेऊन गेली, आणि तिचा कोट हातात धरून बाहेर उभी राहिली. आत वहिनीनं कुठे फुली मारली ते वहिनीनं कधी सांगितलं नाही. दादानं मात्र स्वतः कुठे मारली ते परत येताना गाडीत सांगितलं. गाडी ती बाईच चालवत होती.

आता कुणी हलत नव्हतं. मी म्हटलं, तिला येत्या बुधवारी तो देश सोडायला लागेल की नाही हे एका पत्रावर आहे. ते पत्र माझा भाऊ लिहीत नाहीये. मी आठवडाभर त्याला गोडधोड खाऊ घालून बघितलं. आता इथे सगळ्यांसमोर विचारते. आणि मी पर्समधून कोरा कागद आणि पेन काढून त्या शालीच्या ताटात ठेवलं.

अध्यक्ष घाईघाईनं म्हणाले की काकू, हे आपण नंतर. मी म्हटलं, घंटा वाजवा. त्यांनी नाही वाजवली.

दादाचा चेहरा लालबुंद झाला. माझ्या आयुष्यात मी त्याला चारचौघांत कधी काही बोलले नव्हते. मला वाटलं तो निघून जाईल. पण तो चारचौघांसाठीच जगणारा माणूस आहे, त्याला मी जन्मापासून ओळखते. त्यानं सगळ्या हॉलकडे बघितलं, शाल सावरली आणि इंग्रजीत म्हणाला की अर्थात लिहीन, लिहिणार नाही असं कोण म्हणालं. तीन-चार जणांनी चक्क टाळ्या वाजवल्या. तो टेबलाशी बसला, चष्मा लावला, झोकदार अक्षरात लिहायला लागला, ज्यांचा कुणाचा संबंध असेल त्यांच्यासाठी, मी असं प्रमाणित करतो की श्रीमती. आणि पेन थांबलं.

त्यानं माझ्याकडे मान वर करून बघितलं. "तिचं नाव काय गं?"

मी वहिनीनं ठेवलेलं नाव सांगितलं. ते नाही, तो म्हणाला, खरं. कागदावरचं. मी पर्समधून फोन काढला. फोनमध्येही तेच मराठी नाव, पुढे कंसात लेस्टर. दादाला आलेल्या ईमेल त्यानं पुसून टाकल्या होत्या. आम्ही दोघं भाऊ-बहीण त्या टेबलापाशी एकमेकांची तोंडं बघत होतो, आणि आत्ता पाच मिनिटांपूर्वी मी माईकवरून तिच्यासाठी सगळ्या मंडळाची खरडपट्टी काढली होती. नाव बदललेली मी. दोन बायका एकच आहेत हे सिद्ध करताना रडलेली मी. दहा वर्षं मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की तुझं नाव काय.

मी कॉरिडॉरमध्ये जाऊन फोन लावला. तिकडे संध्याकाळचे सहा वाजले असतील, मागे भांड्यांचा आवाज येत होता. मी म्हटलं, पत्र लिहितोय, नाव सांग. ती मग एकेक अक्षर सांगायला लागली, प्रत्येक अक्षरानंतर थांबत, ते अक्षर कशातलं हे इंग्रजी शब्दानं सांगत, ज्याला हे हजारदा करावं लागलंय त्याच्या शांतपणानं. नावाची नऊ अक्षरं, आडनावाची तेरा. नागपूरची मुलगी माझ्यामागे येऊन उभी होती, तिनं ती स्वतःच्या भाषणाच्या कागदामागे लिहून घेतली, मी फोनवर ऐकून मोठ्यानं म्हणत गेले तशी. दादानं ते बघून पत्रात उतरवलं, सही केली आणि म्हणाला, "नाव फार अवघड आहे गं." मग जेवायला गेला. मसालेभात दोनदा घेतला.

पत्र मी त्याच दिवशी स्कॅन करून पाठवलं. संध्याकाळपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर फोटो आला होता, शाल पांघरून पत्र लिहिणारा माझा भाऊ, खाली अध्यक्षांचा मजकूर, माणुसकीला सीमा नसते. त्याखाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग. ज्या गृहस्थांना इथेही दार हवं होतं त्यांनी दोनदा हात जोडले होते. मी ग्रुप सोडला. दादा पुढच्या शनिवारी गेला. विमानतळावर मी त्याच्या पाया पडले, सवयीनं, आणि वाकताना स्वतःचाच राग आला.

दीड महिन्यानं एका सकाळी फोन वाजला. स्क्रीनवर तिचं पूर्ण नाव आलं, मी तेव्हाच बदलून ठेवलं होतं. कागद मिळाला, राहता येईल, ती म्हणाली. मला एवढं भरून आलं की मी तिला नेहमीच्या नावानं हाक मारली, वहिनीनं ठेवलेल्या.

ती मग मराठीत, अगदी हळू म्हणाली, "वन्सं, ते नाव मॅडमचं. त्या गेल्या. तुम्ही माझं म्हणा."

मी म्हटलं. चुकलं. तिनं एकदा म्हणून दाखवलं, मी पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं. बेसिनपाशी उभी राहून मी, तीस वर्षं लॅटिनमधली औषधांची नावं धडाधड म्हणणारी बाई, एक नाव घोटत होते. तिसऱ्यांदा म्हटल्यावर ती म्हणाली, "चालेल."

बरोबर आहे असं नाही म्हणाली.